विन्या, बोंब झाली

निशी-कासाई, तोक्यो
रविवार, रात्री २

प्रिय विन्या,

चार महिने गप्प बसलो. शिव्या घाल, पण आधी वाच. तब्येत ठीक, पाठ अधूनमधून धरते.

काल अकिहाबारातून जुना सुपर फॅमिकॉम आणला, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, 'मोमोतारो देन्तेत्सु'च्या कॅसेटसकट. हो, फुंकर मारूनच लावली. हडसन कंपनीने हा खेळ पहिल्यांदा १९८८ साली काढला. आपला व्यापारच रे, फक्त पट म्हणजे अख्खा जपान आणि आपण रेल्वे कंपनीचे मालक. फासा टाकायचा, ठरलेलं स्टेशन सगळ्यांआधी गाठायचं, ताकामात्सुत उदोनची, म्हणजे जाड नूडल्सची, दुकानं घ्यायची. मार्च संपला की वर्षाचा हिशेब. बँक मशीनकडे, त्यामुळे मांडीखाली पाचशेच्या नोटा सरकवायची सोय नाही. (विसरलो नाहीये. पट चुलीत जाणार होता तो तुझ्यामुळे.)

कोणी स्टेशनावर पोचलं की जो सगळ्यात लांब असेल त्याच्या मानगुटीवर दारिद्र्याचा देव बसतो, बिम्बोगामी. न विचारता तुझी दुकानं विकतो, वर उपकार केल्याचा आव. दुसऱ्या कोणाला गाठलं की त्याच्या अंगावर जातो, म्हणून सगळे तुझ्यापासून पळतात. मध्येच तो भडकून किंग बोंबी होतो. बोंबी! एकटाच हसत सुटलो.

मग हसू थांबलं. पुण्याचा तो फ्लॅट, विन्या. तू नको म्हणाला होतास. ताबा गेल्या दिवाळीला मिळणार होता. काम चौथ्या मजल्यावर थांबलंय, माझा नववा. बिल्डर फोन उचलत नाही, हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर जातो, शिवाय इथलं भाडं. आईला सांगितलंय, फरशी बसवतायत. फरशी! भिंती कुठायत?

"सांगितलं होतं ना" हे ऐकायची भीती होतीच. पण त्यापेक्षा मोठी भीती म्हणजे तू ते म्हणणारच नाहीस, मुकाट्याने एफडी मोडशील. मागे बाबांच्या ऑपरेशनला तेच केलंस. मग हा माझा बोंबी तुझ्या मानगुटीवर.

चिन्मयीची यंदा दहावी ना? वहिनींचा क्लास जोरात असेलच. गुडघा कसा आहे?

एक काम कर. रविवारी साइटवर चक्कर मार, वॉचमन तरी आहे का बघ आणि फोटो पाठव. फक्त फोटो. पैसे पाठवलेस तर नोटांचं प्रकरण काकूंना सांगेन.

तुझा,
पक्या