फिनिक्सला जाणार असशील तर

पुणे,
१२ जानेवारी २०२६

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, निदान होऊन इतके दिवस झाले तरी तू घराबाहेर कुणाला कळू दिले नाहीस, याचे मला नवल वाटले नाही. तुझा स्वभाव मी जाणतो. परंतु मे महिन्यात जागतिक पार्किन्सन्स परिषद अमेरिकेतल्या फिनिक्सला, म्हणजे तुझ्या दाराशीच भरत असताना, 'डॉक्टरांच्या संमेलनात माझे काय काम' असे म्हणून तू ती टाळणार आहेस, हे काही मला पटले नाही.

ही परिषद निव्वळ डॉक्टरांची नाही. २००६ साली वॉशिंग्टनला ती पहिल्यांदा भरली तेव्हापासून संशोधक, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे घरचे लोक तिथे एकाच मांडवात बसतात, आणि ज्या व्यासपीठावरून शास्त्रज्ञ बोलतात तिथूनच रुग्णही बोलतात. हा केवळ मानपान नव्हे. या आजारातले एक मोठे कोडे सुटले तेच मुळी रुग्णांच्या कुटुंबांमुळे. न्यू जर्सीतील डॉक्टरांच्या लक्षात आले की त्यांच्याकडील काही रुग्णांचे पूर्वज दक्षिण इटलीतील कोंतुर्सी या एकाच गावातून आलेले आहेत. मग समुद्राच्या दोन्ही तीरांवरच्या नातलगांची वंशावळ जुळवण्यात आली, त्यांनी रक्ताचे नमुने दिले, ग्रीसमधील काही कुटुंबांचीही त्यात भर पडली, आणि १९९७ साली अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या जनुकातला, हा आजार घडवणारा दोष हाती लागला. आज ज्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत, त्यांतील कित्येक याच प्रथिनावर रोखलेल्या आहेत. एकट्या देशाच्या दप्तरात हे कधीच सापडले नसते.

तू सकाळी घेतोस त्या गोळीचेही तसेच. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ साली आपल्या खाजकुयलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला होता. पुढे स्वीडनमध्ये कार्लसन, व्हिएन्नात होर्निकिविच आणि अमेरिकेत कोत्झियास यांच्या कामातून त्याचे औषध झाले. (आमच्या शेजारचे आजोबा एवढे ऐकून बियांचे चूर्णच खायला निघाले होते; त्यांना डॉक्टरांकडे पिटाळावे लागले.)

आता माझी खरी तक्रार ऐक. ज्ञान सीमा ओलांडते, गोळी मात्र अडते. २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपा, म्हणजे याच गोळीतले औषध, तिच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तरीही गरीब देशांतल्या सरकारी दवाखान्यांत ते मिळेलच याची शाश्वती नाही. २०२३ साली नायजेरियातील लागोस, लंडन आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून आफ्रिकी वंशाच्या रुग्णांमध्ये जीबीए१ जनुकातला, आजाराचा धोका वाढवणारा असा एक बदल शोधला, जो युरोपीय वंशाच्या रुग्णांच्या अभ्यासांत दिसलाच नव्हता. आफ्रिकेने रक्त दिले. तिथल्या रुग्णाला गोळी कोण देणार? तू परिषदेला गेलास, तर हा प्रश्न एका रुग्णाच्या तोंडून विचारला जाईल.

सुलभालाही हाच आजार, त्यामुळे गोळी चुकली की काय होते ते मी घरी पाहतो. एकदा औषधाची वेळ टळली आणि सुलभाचे पाय स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी खिळले. डोक्यात चालणे तयार, पण पाऊल म्हणून उचलेना. आता मी तिथे जमिनीवर हातभर अंतराने पिवळ्या चिकटपट्टीच्या रेघा मारल्या आहेत. रेघ ओलांडायची म्हटले की तिचा पाय बरोबर उचलतो. ही युक्ती मला पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात भेटलेल्या एका गृहस्थांनी सांगितली आणि त्यांना ती कॅनडातल्या त्यांच्या मुलीने कळवली होती. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ साली रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू झाले, पुढे पुण्यातही हृषीकेश पवार यांनी तसे वर्ग घेतले. सभा-ठरावांपेक्षा अशा देवघेवीवर माझा अधिक विश्वास आहे, आणि ती माणसे समोरासमोर भेटल्यावाचून होत नाही.

तेव्हा नाव नोंदव. वहिनींनाही बरोबर ने, कारण शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही तिथे सत्रे असतात. रात्री अंथरुणात कूस बदलायला सुलभाला फार त्रास होतो, त्यावर कुणाकडे काही उपाय असेल तर तेवढे माझ्यासाठी विचारून ठेव. नोंदणी झाली की कळव.

तुझा,
माधव