आइस हॉकीच्या सराव सामन्यांबाबत सूचना
सर्व सभासद खेळाडूंना कळविण्यात येते की, यापुढील सराव सामन्यांत प्रत्येक लाइनने (एकत्र बर्फावर उतरणाऱ्या खेळाडूंच्या गटाने) साधारण 45 सेकंदांत बाकावर परतावे. 20 मिनिटांचे तीन पिरियड पूर्ण वेगाने खेळायचे असताना दमल्या पायांनी बर्फावर रेंगाळण्यात कसलेही शौर्य नाही. मात्र पक (खेळातील रबरी चकती) आपल्या बचावक्षेत्रात असेपर्यंत लाइनचा बदल करू नये, तो समोरच्या क्षेत्रात खोलवर गेल्यावरच करावा.

या सत्रात मुख्य भर बोर्डाजवळच्या (मैदानाभोवतीच्या कठड्याजवळच्या) खेळावर राहील. तेथील पक घेण्यासाठी अनेक जण मान खाली घालून सरळ घुसतात, आणि त्याच स्थितीत मागून धक्का बसल्यास डोके बोर्डावर आपटून मानेच्या मणक्यांना गंभीर इजा होऊ शकते; म्हणून पोहोचण्यापूर्वी खांद्यावरून मागे पाहावे, तिरक्या कोनातून जावे आणि धक्का अटळ दिसल्यास डोके वर ठेवून खांदा बोर्डाला टेकवावा. ही क्रिया आधी संथ गतीने आणि प्रतिस्पर्ध्याविना करून घेतली जाईल.

स्केटच्या पात्यांना वेळेवर धार लावून घ्यावी. एक कड बोथट असली की वळताना पाय घसरतो आणि दोष मात्र बर्फाला दिला जातो. नेक गार्ड (गळ्याचे संरक्षक आवरण) नसलेल्या खेळाडूस सरावात उतरू दिले जाणार नाही.