गेटचे वेल्डिंग रंगाआधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला लोखंडी गेटवरचा लेख वाचला. रंग कुठला घ्यावा, डिझाइन लेझर कटिंगचे की साध्या गजांचे, वर भाले असावेत की नसावेत, यावर पाऊण पान. वेल्डिंगच्या वाट्याला एक वाक्य : जोड हाताला गुळगुळीत लागला की काम उत्तम समजावे. हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकले आहे. आमच्या सोसायटीच्या चेअरमननी गेटचे बिल पास करताना हेच सांगितले होते, गेटवर हात फिरवत. पहिल्याच पावसाळ्यात डावी झडप वरच्या बिजागरीतून निखळून वॉचमनच्या खुर्चीवर पडली. तो पाण्याची मोटर बंद करायला गेला होता, म्हणून वाचला.

गुळगुळीत जोड ही वेल्डरची करामत नसते, ग्राइंडरची असते. रॉडने भरलेला धातू घासून पाईपाच्या पातळीला आणला की दिसायला छान. पण ज्या धातूवर जोडाची भिस्त, त्याचाच चुरा जमिनीवर पडलेला असतो. गेटचे पाईप पुष्कळदा १६ किंवा १८ गेजचे, म्हणजे जेमतेम १.६ किंवा १.२ मिलिमीटर जाडीचे. ग्राइंडर जरा जोरात दाबला तर पाईपही सोलून निघतो. उरलेल्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, गॅरेजवाले गाडीच्या पत्र्याला भरतात तीच. वर रंग बसला की खाली लोखंड आहे की लांबी, हे लेखकमहाशयांच्या बोटांना कळत असेल तर त्यांना माझा नमस्कार. आम्हाला चावीने खरवडून बघावे लागते.

माझी नोकरी बॉयलरच्या कारखान्यात वेल्डिंग तपासण्यात गेली, त्यामुळे झडप पडल्यावर बाकीचे फोटो काढत होते तेव्हा मी तुटलेली बिजागरी उचलून उजेडात नेली. वेल्डिंगचा सगळा धातू फ्रेमच्या पाईपावर राहिला होता. बिजागरीची ८ मिलिमीटरची पट्टी मात्र कोरी! कापताना कडेवर उठलेल्या कटरच्या बारीक रेघासुद्धा जशाच्या तशा. म्हणजे पट्टी वितळलीच नव्हती, धातू तिला नुसता टेकून बसला होता. हे का होते, तेही सांगतो. पातळ पाईपाला भोक पडू नये म्हणून वेल्डर करंट कमी ठेवतो आणि त्या करंटमध्ये जाड पट्टी नुसतीच तापते. जाणकार माणूस आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाचा विजेचा झोत, जाड पट्टीवर धरतो आणि वितळलेला रस पाईपाकडे ओढून आणतो. पट्टीच्या खालच्या बाजूला तर वेल्डिंग नव्हतेच. तिथे वाकून बघायला कोण जातो? लांबी होती.

फॅब्रिकेटरचे उत्तर तयार होते : ‘पोरं गेटवर झोके घेतात, त्याला मी काय करू?’ आमची कमिटी यावर मान डोलावून मोकळी. अहो, पोरे झोके घेणारच. झडप १०० किलोची, रुंदी ७ फूट आणि दोन बिजागऱ्यांत ४ फुटांचे अंतर धरा; वरच्या बिजागरीला जवळजवळ ९० किलोची आडवी ओढ रात्रंदिवस असते. त्यात ३० किलोचे पोर टोकाला लटकले की आणखी ५०-५५ किलो. हे गृहीत धरून जोड करायचा असतो. पोरे नसलेल्या सोसायटीसाठी वेगळे कोटेशन मिळत असेल तर तसे सांगावे.

दुरुस्तीला पुन्हा तोच माणूस. ‘काम झाल्यावर एक रात्र रंग लावू नका, मला सकाळी बघू द्या,’ एवढेच मी म्हटले होते. सकाळी उठून पाहतो तर रेड ऑक्साईड मारून मोकळा. का, तर म्हणे गंज धरेल. एका रात्रीत गेटचे काय वाकडे होणार होते?

लेखात छापायला हवे होते ते हे, की वेल्डिंग उघडे असताना बघावे आणि ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्यावी. वरची स्लॅगची, म्हणजे वेल्डिंगवर जमलेल्या मळीची, खपली हातोडीने झाडून, तारेच्या ब्रशने घासून घ्यायला लावावे. खपलीखाली काय आहे ते ती निघाल्याशिवाय देवालाही दिसत नाही. वेल्डिंगच्या कडेने पाईपात चर पडलेला दिसला तर तिथे लोखंड जळून पातळ झाले आहे. टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली तर रॉड ओलसर असावा किंवा लोखंड गंजके, तेलकट. धातू दोन्ही बाजूंना पसरत न जाता दोरीसारखा वर फुगून बसला असेल तर आमच्या बिजागरीची गोष्ट आठवावी. सगळ्यांत आधी बिजागऱ्या बघाव्यात, आरसा धरून खालून आणि मागूनही, कारण नक्षीचा एखादा गज दोन टाक्यांवर उभा राहील, बिजागरी राहणार नाही. आजूबाजूला उडालेले शिंतोडे तेवढे मनावर घेऊ नका. ते दिसतात वाईट, पण छिन्नीने निघतात. डोळ्यांनी सगळेच कळते असे नाही, आत धातू नीट मिळाला नसेल तर वरून फसगत होऊ शकते. पण आमच्या गेटच्या बाबतीत डोळे उघडे ठेवले असते तरी पुरले असते.

जाता जाता लेखासोबतच्या फोटोबद्दल. वेल्डिंग करणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर रस्त्यावर मिळणारा साधा काळा गॉगल आहे, हातात मोजे नाहीत आणि खाली आपण लिहिता, ‘कौशल्याची ठिणगी’! त्या गॉगलने आर्क अडत नाही. त्या क्षणी काही जाणवत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते आणि घरचे लोक बटाट्याच्या चकत्या ठेवत बसतात. हेल्मेट आणि योग्य नंबरची काळी काच ही त्या मुलाला त्याच्या मालकाने द्यायची वस्तू आहे. फोटो छापण्याआधी ऑफिसात कुणाला तरी हे दिसायला हरकत नव्हती.

पुढच्या शनिवारी नळ आणि पाईपलाइनवर लेख असल्याचे जाहीर केले आहे. तो छापण्यापूर्वी कृपया एखाद्या प्लंबरला वाचून दाखवावा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली
(नाव छापू नये. याच सोसायटीत राहायचे आहे.)