आरआयपीके१ सरसकट खलनायक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला पेशीमृत्यूवरचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार, पण आरआयपीके१ या कायनेज प्रथिनाला खलनायक ठरवून ‘ते रोखले की एएलएस बरा’ (एएलएस म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) असा जो सूर लावला आहे, तो खटकला. आमच्या शेजारी एएलएसचे रुग्ण आहेत. त्यांचा मुलगा त्याच दिवशी कात्रण घेऊन डॉक्टरांकडे गेला, म्हणून हा पत्रप्रपंच.

हे प्रथिन ६७१ अमायनो आम्लांचे. एका टोकाला फॉस्फेट चिकटवणारा कायनेज भाग, दुसऱ्या टोकाला ‘डेथ डोमेन’ (नावावर जाऊ नये, त्याचे काम टीएनएफ या दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या ग्राहीला धरण्याचे), आणि मधल्या पट्ट्यात आरआयपीके३ या त्याच्याच भावंड-प्रथिनाला गाठणारा छोटा तुकडा. हे दोघे जुळले की एमएलकेएल नावाचे तिसरे प्रथिन कामाला लागते, पेशीचे आवरण फाटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि दाह भडकतो. लेखात एवढेच आले आहे.

पण हे प्रथिनच नसलेले उंदीर जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावतात. नुसता कायनेज भाग निकामी केलेले मात्र ठणठणीत वाढतात! कारण उरलेला सांगाडा पेशीला जगवणारे संदेश पुढे पोहोचवतो. हे प्रथिन जन्मतःच नसलेल्या मुलांची नोंद २०१८ मध्ये झाली: वारंवार जंतुसंसर्ग, आतड्यांचा दाह, सांध्यांना सूज. उलट टोकही आहे. एरवी कॅस्पेज-८ हे विकर या प्रथिनाला ३२४व्या जागी कापून आवरते. नेमके तिथलेच अमायनो आम्ल बदललेली काही कुटुंबे २०२० मध्ये पुढे आली. त्यांच्यातल्या रुग्णांना लहानपणापासून पुन्हा पुन्हा ताप येतो, लसिका ग्रंथी सुजतात.

औषधाचे म्हणाल तर, शास्त्रज्ञांनी रोखायला घेतला आहे तो फक्त कायनेज भाग, आणि ते शहाणपणाचेच. तरीही सनोफी आणि डेनाली यांचे असे औषध एएलएसच्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत मुख्य निकषावर उतरले नाही, हे फेब्रुवारी २०२४ मध्येच जाहीर झाले. लेखात उंदरांवरचे यश आहे, याचा मात्र चकार शब्द नाही. पुढच्या पुरवणीत निदान एका चौकटीत हा निकाल छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा