लग्नसराईतले ‘आचार्य’ आणि कळफलकावरचा ऱ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या मोबाइलवरील आवृत्तीत ‘लग्नसराईत आचार्यांचा तुटवडा’ असा मथळा वाचला आणि क्षणभर वाटले, की महाविद्यालयांतल्या रिक्त जागांची झळ आता थेट मांडवापर्यंत येऊन पोहोचली. बातमी उघडल्यावर उलगडा झाला. ती हजार पानांचा स्वयंपाक अंगावर घेणाऱ्या आचाऱ्यांविषयी होती. घरी येणारा त्याच दिवशीचा छापील अंक रद्दीतून काढून पाहिला, तर तिथे ‘आचाऱ्यांचा’ असे बिनचूक छापलेले होते. म्हणजे आपल्या मुद्रितशोधकांनी आपले काम चोख केले होते. कागदावरचा मजकूर पडद्यावर जाताना वाटेत कुठेतरी अक्षर बदलले. हे वाटेत काय होते याचा अनुभव मी एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल म्हणून भरपूर घेतलेला असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. माझे गऱ्हाणे, योगायोग असा, की त्याच अक्षराने लिहावे लागते.

मराठीत र आणि य यांचे जोडाक्षर दोन तऱ्हांनी लिहितात आणि त्यांतला फरक शोभेचा नाही. ‘आचार्य’, ‘सूर्य’, ‘पर्याय’ या शब्दांत रफार येतो आणि त्याच्या आधीच्या अक्षरावर आघात पडतो. ‘आचारी’वरून झालेल्या ‘आचाऱ्यांना’मध्ये, ‘सुरी’च्या ‘सुऱ्यां’मध्ये किंवा ‘दोरी’च्या ‘दोऱ्यां’मध्ये तो पडत नाही, म्हणून तिथे र आडवा होऊन य ला चिकटतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दोन डोंगरांमधल्या खोलगट जागा. एका रेघेच्या फरकाने माणूस सह्याद्रीतून कोकण किनाऱ्यावर जाऊन पडतो. र आणि ह यांचे तर मराठी शब्दांत बहुधा असेच जुळते: वऱ्हाड, कुऱ्हाड, बिऱ्हाड, पुरंदर तालुक्यातून वाहणारी कऱ्हा नदी. ‘ऱ्हास’ आणि ‘ऱ्हस्व’ या शब्दांत आधी अक्षरच नाही, त्यामुळे तिथे आघाताचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही मोबाइलवर ‘र्हास’ असे लिहिलेले मी अनेकदा पाहतो आणि पहिल्याच अक्षराच्या डोक्यावर बसलेला तो रफार उच्चारायचा कसा, हे मला आजतागायत कळलेले नाही.

आता यंत्राकडे वळतो. संगणकात अक्षराचे चित्र साठवलेले नसते, त्याचा क्रमांक साठवलेला असतो. युनिकोड या जागतिक प्रणालीने देवनागरीसाठी १२८ क्रमांकांचा एक पट्टा राखून ठेवला आहे आणि त्यात साध्या र च्या लगेच पुढे खाली टिंब असलेला ऱ आहे. हा ऱ मुळात द्राविड भाषांमधला एक निराळा र देवनागरीत दाखवता यावा म्हणून तिथे ठेवलेला आहे. त्याला हलन्त चिन्ह देऊन पुढे य किंवा ह लिहिला, की आपले ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ तयार होतात. ही झाली एक रीत. दुसऱ्या रीतीत साधा र, मग हलन्त चिन्ह आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह टाकावे लागते. युनिकोडच्या जुन्या, २.० या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ही रीतही चालू ठेवण्यात आली आहे. नेपाळीतही असा आडवा र आहे आणि तिथले लोक प्रामुख्याने ही दुसरी रीत वापरतात. दोन्ही रीतींनी पडद्यावर उमटणारे अक्षर हुबेहूब सारखे असते. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निरनिराळे शब्द असतात.

दुसऱ्या रीतीत आणखी एक गोम आहे. ते न दिसणारे जोडचिन्ह देवनागरीच्या पट्ट्यात नाही, त्याचा क्रमांक पार वेगळ्या ठिकाणी आहे. त्यामुळे ‘फक्त देवनागरी अक्षरे चालतील’ अशी अट घातलेला एखादा ऑनलाइन अर्ज ते नाकारतो, किंवा एखादी प्रणाली मजकूर ‘स्वच्छ’ करताना ते केर समजून झाडून टाकते. ते गेले, की उरतो साधा र, हलन्त आणि य, म्हणजेच रफार, म्हणजेच ‘आचार्य’. आपल्या मथळ्याचे असेच झाले असावे, अशी माझी अटकळ आहे. छपाईसाठी अनेक ठिकाणी अजूनही जुने, युनिकोडपूर्व फाँट वापरतात. त्यांत हा आडवा र स्वतंत्र ठसा म्हणून असतो आणि तो मजकूर संकेतस्थळासाठी युनिकोडमध्ये बदलताना कोष्टकात त्या ठशासमोर काय लिहून ठेवले आहे, यावर आचाऱ्यांचे भवितव्य ठरते.

आमच्या ग्रंथालयात हा प्रकार मला सर्वांत जवळून पाहायला मिळाला. दाखल नोंदवहीवरून संगणकीय ग्रंथतालिका करण्याचे काम आम्ही तीन टप्प्यांत केले. पहिल्या टप्प्यात टंकलेखनाची परीक्षा दिलेली एक मुलगी इनस्क्रिप्ट कळफलकावर काम करीत होती. त्या मांडणीत इंग्रजी ‘जे’च्या कळीवर र असतो, शिफ्टबरोबर ती दाबली की ऱ येतो, आणि पुढे ‘डी’ची कळ दाबली की हलन्त. ‘वऱ्हाड’ लिहिताना तिची बोटे क्षणभरही थबकत नसत. दुसऱ्या टप्प्यातला मुलगा रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवीत असे. यंत्राने सुचवलेला पहिला शब्द तो स्वीकारी, आणि यंत्राने कधी ‘वऱ्हाड’ सुचवले तर कधी ‘वर्हाड’. तिसरा टप्पा म्हणजे एका जुन्या संगणकावरची यादी, जी जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदलून घेतली होती आणि जिच्यात ते न दिसणारे जोडचिन्ह जागोजागी होते. काम संपल्यावर मोठ्या हौसेने पहिल्याच आलेल्या वाचकासमोर मी शोधाच्या चौकटीत ‘वऱ्हाड’ असे लिहिले. कपाटात या शब्दाची नऊ पुस्तके आहेत हे मला तोंडपाठ होते. यंत्राने चार दाखवली. तो वाचक भला माणूस होता, तो म्हणाला, “सर, तुम्हीच सांगा, कुठल्या कपाटात आहेत ती.” मी सांगितले. पण माझ्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला ते तोंडपाठ असेलच, असे नाही.

ॲ या स्वराचीही हीच गत आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण मराठी वर्णमाला ठरवताना ॲ आणि ऑ यांना स्वरांमध्ये जागा दिली, आणि युनिकोडमध्ये ॲ हे एकसंध अक्षर त्याआधी एक वर्ष, २००८ मध्ये, आले. त्यापूर्वीच्या कळफलकांवर ते नव्हतेच, म्हणून लोक आधी अ लिहीत आणि मग त्यावर चंद्र देत. कित्येक जण अजूनही तसेच करतात, आणि काही जण हिंदीच्या वळणाचा ऍ वापरतात. पहिल्या दोन प्रकारांतले अक्षर बहुतेक फाँटमध्ये सारखेच दिसते, पण युनिकोडच्या नियमांत अ वर चंद्र देऊन हा स्वर लिहू नये असे सांगितलेले आहे. आमच्या तालिकेत याचा परिणाम गमतीदार झाला. अकारविल्हे यादी काढली, तर अ वर चंद्र दिलेली ‘ॲलोपॅथी’ आ च्या आधी नीट बसली, आणि एकसंध ॲ ने लिहिलेली ‘ॲक्युपंक्चर’ थेट यादीच्या तळाशी, ह च्या आणि आकड्यांच्याही मागे जाऊन पडली, कारण उशिरा आल्यामुळे त्या अक्षराला क्रमांकही शेवटच्या रांगेतला मिळाला आहे आणि आमची प्रणाली केवळ क्रमांक पाहून यादी लावत होती. (ळ ची तक्रार मी करीत नाही. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो आणि यंत्रात ल च्या शेजारी, एवढे तरी वाचकाला अंदाजाने सापडते.)

मोबाइलवर लिहिणाऱ्यांची अडचण याहून साधी आहे. ऱ तिथे बहुतेक कळफलकांवर असतो, पण तो दिसत नाही. र दाबून धरला, की वर एक लहानशी पट्टी उघडते आणि तिच्यात तो सापडतो. हे ज्याला कोणी सांगितले नाही, त्याला ते आपणहून कळण्याचा संभव फार थोडा. गेल्या दिवाळीत माझ्या शेजारी राहणाऱ्या वकीलबाईंनी मोबाइलवर ‘चिवड्यात चुरमुऱ्यांचे प्रमाण’ लिहायला घेतले आणि दोनदा ‘चुरमुर्यांचे’ असे उमटल्यावर त्यांनी वाक्यच बदलून ‘चुरमुरे किती घालायचे’ असे करून टाकले. मला या प्रसंगाचीच जास्त काळजी वाटते. चुकीचे अक्षर निदान दिसते तरी. पण अक्षर सापडत नाही म्हणून न लिहिला गेलेला शब्द कोणाच्याच नजरेस पडत नाही.

हे होणे अपरिहार्य आहे, असे मात्र कोणी सांगू नये. रुपयाचे ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये दाखल झाले. मधल्या काळात काहींनी एक आडवाट काढली होती: इंग्रजी कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात जे तिरके टिंब असते, त्याच्या जागी फाँटमध्ये ₹ चे चित्र बसवायचे. ज्या संगणकावर तो फाँट नसे, तिथे किमतीपुढे नुसते तिरके टिंब उमटे, आणि तशी दरपत्रके मी ग्रंथखरेदीच्या निमित्ताने कित्येक पाहिली आहेत. पण पुढे भारतीय इंग्रजीच्या कळफलकावर उजवी आल्ट आणि चारची कळ एकत्र दाबली, की ₹ येऊ लागले. मोबाइलवर ते आकड्यांच्या पानावर समोरच दिसते. ज्या चिन्हाशी बँकांचा आणि व्यापाराचा संबंध होता, त्याला काही वर्षांतच जागा मिळाली. ऱ साठी अशी मागणी कोणी लावून धरली नाही, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे मागणे असे, की आपल्या संकेतस्थळासाठी मजकूर बदलणाऱ्या कोष्टकात आडव्या र समोर एकच रीत ठेवावी, आणि ती टिंब असलेल्या ऱ ला हलन्त देण्याची असावी, म्हणजे गळून पडण्यासारखे काही त्यात उरणार नाही. आपल्या जुन्या अंकांच्या संग्रहात शोध घेताना ‘वऱ्हाड’चे तिन्ही प्रकार आणि ॲ चे तिन्ही प्रकार एकच धरले जावेत, हे काम कोणत्याही जाणत्या तंत्रज्ञाला एका दुपारचे आहे, आमच्या ग्रंथालयात ते एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने चहाच्या दोन कपांवर करून दिले. मोबाइलच्या कळफलकांवर मराठी निवडल्यावर ऱ्य आणि ऱ्ह वरच्या रांगेत दिसावेत, यासाठी आपल्यासारख्या मोठ्या दैनिकाने पाठपुरावा केला तर त्याला वजन येईल. माझ्यासारख्याने कंपन्यांना पाठवलेल्या सूचनांना ‘आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे’ एवढेच उत्तर येते. राज्य परीक्षा परिषद मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या वेगाची मराठी संगणक टंकलेखन परीक्षा घेते; तिच्या उताऱ्यांत कुऱ्हाड, बिऱ्हाड, ऱ्हास, ॲल्युमिनियम असे शब्द मुद्दाम घातले, तर सरकारी कचेऱ्यांत बसणाऱ्या नव्या पिढीच्या बोटांना या कळा ओळखीच्या होतील.

तो मथळा हे पत्र लिहीपर्यंत तसाच होता. दुरुस्त करताना तो कोणी हाताने लिहून टाकू नये, आधी कोष्टक तपासावे, कारण त्याच बातमीच्या चौथ्या परिच्छेदात ‘पुर्या’ तळायला कोणी मिळत नसल्याचेही म्हटले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल
जि. सातारा