वेळापत्रकातील जोडतासिका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेचे वेळापत्रक संगणकावर करून पाहिले, पण प्रात्यक्षिकाच्या जोडतासिका (लागोपाठच्या दोन तासिका) नीट बसेनात म्हणून पुन्हा हाताने खोडाखोड करू लागलेले सहकारी सोलापुरात मला भेटतात. माझ्या मते दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसून माहिती भरण्याच्या पद्धतीचा असतो.

रुमानियातील लिव्हियू लालेस्कू यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन तासिका लागोपाठ आणण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत. रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक दोन तासिकांची एकच नोंद म्हणून भरले, तर ते मधल्या सुट्टीने तुटत नाही. त्याऐवजी दोन स्वतंत्र नोंदी करून त्यांवर ‘लागोपाठ’ ही अट घातली, तर एक तासिका सुट्टीआधी आणि दुसरी सुट्टीनंतर आली तरी अट पाळली गेली, असेच सॉफ्टवेअर धरते. दोन वेगळ्या शिक्षकांच्या तासिका एकामागून एक हव्या असतील तेव्हा हे चालते. परंतु ब्युरेट (द्रव मोजून सोडण्याची काचेची नळी) भरून ठेवून मुलांनी डबा खायला जायचे, हे कोणत्याही प्रयोगशाळेत चालणार नाही.

दुसरी अडचण टक्क्यांची, म्हणजे अट किती सक्तीने पाळायची हे सांगणाऱ्या आकड्याची. आठवड्याचे दिवस सहा आणि गणिताच्या तासिका सात असताना ‘प्रत्येक तासिका वेगळ्या दिवशी’ ही अट शंभर टक्के सक्तीची केली, तर वेळापत्रक तयारच होऊ शकत नाही. तिथे दोन तासिकांची एक जोडनोंद आणि एकेका तासिकेच्या पाच नोंदी, अशा सहाच नोंदी कराव्यात; मग ही अट शंभर टक्के ठेवली तरी पाळता येते आणि सातवी तासिका भलत्याच वेळी न येता त्याच विषयाला जोडून येते.

उन्हाळ्यात शाळा सकाळच्या सत्रात भरू लागल्या की सुट्टीची जागा बदलते, तासिका कमी होतात, आणि जूनमध्ये पक्क्या करून ठेवलेल्या जोडतासिका नेमक्या सुट्टीवर येऊन आदळतात. अशा वेळी जुन्या वेळापत्रकाची ओढाताण करण्यापेक्षा तासिका पक्क्या केल्याचे बंधन काढून नव्याने मांडणी करणे केव्हाही श्रेयस्कर, कारण त्यात शिक्षकांचे रिकामे तासही आटोक्यात राहतात.

हे काम बहुतेक ठिकाणी एखाद्याच शिक्षकाच्या गळ्यात पडते आणि त्याला ते शिकवणारे कोणी नसते. म्हणून शिक्षण विभागाने नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी वेळापत्रक प्रमुखांसाठी किमान एक दिवसाचे, प्रत्यक्ष संगणकावर बसवून घेतलेले प्रशिक्षण ठेवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक, सोलापूर