सरबताच्या टेबलावर तुझी नेमणूक

सातारा,
२२ एप्रिल

प्रिय पक्या,

स. न. वि. वि. वगैरे झालं असं समज. मे महिन्यातल्या रक्तदान शिबिराला तू डोंबिवलीहून दोन दिवस काढून येतोयस, हे वाचून बरं वाटलं. त्याखाली 'मला काय नुसतं सरबत वाटायला बोलावतोस का?' हेही वाचलं. होय, सरबतच. पण लेका, शिबिरात पडण्याची भीती असते ती सरबताच्या टेबलापाशी. पलंगावरच्या माणसाला चक्कर आली तरी तो आधीच आडवा असतो आणि उशाशी सिस्टर असते. तो उठतो, दहा पावलं चालतो, ग्लास हातात घेऊन मित्राशी बोलत उभा राहतो, आणि तिथे कोसळतो. नाहीतर संडासात, जिन्यावर, किंवा बाहेर गाडीला किक मारताना.

कारण समजून घे, म्हणजे काय बघायचं ते आपोआप कळेल. पिशवीत जातं ३५० मिलिलिटर, आणि वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५०. तेवढ्यानं धडधाकट माणसाला काही होत नाही. पण भीती, रिकामं पोट, उकाडा आणि एकदम उभं राहणं हे जमून आलं की नाडी मंदावते, पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली उतरतं आणि डोक्याला कमी पडतं. याची जास्त शक्यता पहिल्यांदा देणाऱ्या कॉलेजच्या पोरांत. 'मला काय होतंय' म्हणणारा दांडगा गडी यातून सुटतो असं समजू नकोस.

ओठावर घामाचे बारीक थेंब, जांभई, चेहरा पांढराफटक, आणि बडबड्या माणूस एकाएकी गप्प. चारांतलं एक दिसलं तरी 'बरं वाटतंय का?' विचारत बसू नकोस, तो 'हो'च म्हणणार. जागच्या जागी, जमिनीवर, आडवा करायचा. पाय खुर्चीवर ठेवायचे, कॉलरचं बटण आणि पट्टा सैल करायचा, भोवतीची गर्दी हटवायची आणि डॉक्टरांना हाक मारायची. तोंडात पाणी ओतायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, दोघांनी काखेत धरून पलंगापर्यंत चालवत तर मुळीच न्यायचं नाही. बहुतेक जण दोन-चार मिनिटांत डोळे उघडतात. त्यानंतरही पंधरा मिनिटं पडू दे, मग बसव, मग उभा कर. घाईनं उठवलं तर माणूस दुसऱ्यांदा पडतो.

म्हणून टेबलाची मांडणी अशी: सरबत उभ्याने द्यायचं नाही. हाताच्या खुर्च्या भिंतीला पाठ लावून १२, मध्ये मोकळी जागा, आणि टेबल असं की तुला सगळ्या खुर्च्या एका नजरेत दिसाव्यात. दाता बसला की ग्लास त्याच्या हातात आणून द्यायचा. दहा मिनिटं बसवल्याशिवाय सोडायचं नाही. प्रमाणपत्र तुझ्याकडेच ठेवलंय ते यासाठी. पलंगापाशी दिलं की लोक ते घेऊन, फोटो काढून थेट दाराबाहेर पडतात. तुझ्याकडून न्यायचं म्हटल्यावर दहा मिनिटं बसतात.

आता मापं. दाते १०० धरलेत. प्रत्येकी २०० मिलिलिटरचे दोन ग्लास, म्हणजे ४० लिटर. कार्यकर्ते आणि सोबत आलेले धरून ६० लिटर करायचं, म्हणजे २० लिटरचे तीन जार. साखर ६ किलो. आदल्या रात्री ३ लिटर पाण्यात ती गरम करून विरघळवून ठेवायची, साधारण साडेसहा लिटर पाक होतो. जारमागे दोन लिटर आणि वर एक ग्लास पाक, ४० लिंबं आणि ५० ग्रॅम मीठ. लिंबं मेमध्ये महाग असतात, तरी आठवडाभर आधी घेऊन ठेवू नयेत, साल वाळते आणि रस उतरत नाही. पिळायची तीही जारमागे. एकदम १२० लिंबं पिळून ठेवली आणि बिया-साली त्यात चिरडल्या गेल्या की अकरा वाजेपर्यंत सरबत कडवट होतं, मग लोक अर्धा ग्लास ठेवून जातात. बाजारचा बर्फ आत टाकायचा नाही, तो कुठल्या पाण्याचा ते कुणाला ठाऊक. जार ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवला की पुरे. केळी दहा डझन, बिस्किटांचे छोटे पुडे. कागदी ग्लासांचा हिशेब ग्लासावर करू नकोस, माणसावर कर: दोनशे ग्लास लागतील असं वाटतं, चारशे संपतात.

दारात पोह्यांचं दुसरं टेबल आहे, ते वहिनी बघेल. ५ किलो पोहे, पन्नास-पंचावन्न बश्या. रविवारी सकाळी निम्मी माणसं नुसता चहा पिऊन येतात, आणि गेल्या चार तासांत काही खाल्लेलं नसेल तर त्याला आधी तिकडे वळवायचं. सोबत अर्धा लिटर पाणी. तारीख ठरवतानाच पंचांग बघितलं ते याच कारणानं: संकष्टी नको, एकादशी नको, आणि लग्नाची मोठी तीथ तर नकोच, कारण मग ना माणसं मिळतात ना मंडपवाला. जागासुद्धा मंगल कार्यालयाऐवजी शाळेची घेतली, सुट्टीमुळे हॉल रिकामा, आणि तळमजल्यावर. जिन्याची जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये.

'शंभरच का, पाचशे का नाही?' असं तू विचारणार. दोन कारणं. पहिलं गणिताचं. एका पलंगाला दात्यामागे २० मिनिटं धर, त्यातली आठ-दहा प्रत्यक्ष रक्त काढण्याची. आठ पलंग म्हणजे तासाला २४, नऊ ते दोन या वेळात कागदावर १२०. नियमातही पाच तासांत १०० ते १२० दात्यांच्याच हिशेबानं डॉक्टर, सिस्टर, तंत्रज्ञ किती लागतात ते सांगितलंय. पण रांग पलंगाशी अडत नाही, ती अडते तपासणीच्या टेबलाशी. एक डॉक्टर, माणशी तीन मिनिटं, म्हणजे तासाला २० झाले. वर चार पलंग वाढवून काही उपयोग नाही, दुसरा डॉक्टर मागायचा. आम्ही दोन मागितलेत. शिवाय मंडळांना वेळा वाटून दिल्यात, नाहीतर सगळे साडेदहाला येतात आणि एकला हॉल ओस पडतो.

दुसरं कारण मोठं आहे. साध्या पिशवीतलं रक्त २ ते ६ अंशांत ३५ दिवस टिकतं. प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) तर २०-२४ अंशांत, सतत हलवत ठेवून, पाचच दिवस. एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला हजार बाटल्या (पिशव्या आल्या तरी लोक बाटल्याच म्हणतात) काढल्या, तर त्या देणाऱ्यातला कुणीही पुढचे ९० दिवस देऊ शकत नाही. बाईमाणूस असेल तर १२० दिवस. आणि महिन्याभरानं गरज पडते तेव्हा फ्रीज रिकामा. मेमध्ये कॉलेजं बंद, लोक गावी, म्हणून तुटवडा. दिवाळीतही तेच. थॅलेसेमियाच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) पोराला मात्र दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्याला सुट्टी नाही. तेव्हा बॅनरवर आकडा लहान दिसला तरी चालेल, तारीख मेचीच हवी.

भेटवस्तूंबद्दलही विचारलं होतंस. काही नाही, फक्त प्रमाणपत्र आणि केळं. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं देशात बंद आहे, आणि महागडी वस्तू हा पैशाचाच दुसरा अवतार. मिक्सर मिळणार म्हटलं की माणूस फॉर्ममध्ये कावीळ लपवतो, टॅटू लपवतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते खरी, पण अगदी ताजा संसर्ग तपासणीतूनही निसटू शकतो. पहिली चाळणी म्हणजे माणसाचं खरं बोलणं.

चाळणीत कोण अडकतं ते माहीत असू दे, रांगेत लोक तुलाच विचारतील. वय १८ ते ६५, पण पहिल्यांदाच देणारा साठीच्या आतला हवा. वजन ४५ किलोच्या खाली नको, हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली नको. टॅटू किंवा कान टोचून वर्ष व्हायला हवं, टायफॉइड होऊन वर्ष, डेंग्यू होऊन सहा महिने, मलेरिया होऊन तीन, दात काढून सहा. एमआयडीसीतून रात्रपाळी करून थेट येणाऱ्याला हात जोडून घरी झोपायला पाठवायचं, कितीही हट्ट करू दे. पण हे उत्तर माहिती म्हणून दे, निकाल म्हणून देऊ नकोस, निकाल डॉक्टरांचा.

हिमोग्लोबिनपाशी बायका जास्त गळतात, आणि तिथे आपली माणसं चुकतात. 'कमी आहे, नेक्स्ट!' असं सगळ्यांदेखत ओरडतात. ती बाई पुन्हा कुठल्या शिबिराला फिरकत नाही. आकडा चिठ्ठीवर लिहून हातात द्यायचा, आपल्या डॉक्टरांना दाखवा म्हणायचं आणि तुझ्या टेबलाकडे पाठवायचं. सरबत, केळं, खुर्ची, सगळं दात्यासारखंच. हे तू नीट करशील म्हणून तर तुला तिथे बसवलंय.

जाताना प्रत्येकाला एवढं सांग: पट्टी चार-पाच तास ठेवा, कोपर दुमडू नका (दुमडलं की भोक उघडं राहतं आणि हात काळानिळा पडतो), त्या हातानं सिलिंडर-पिशव्या उचलू नका, तासभर विडी-सिगारेट नको, पाणी भरपूर प्या, आणि दुचाकीवर बसायची घाई नको. मोबाईल नंबर मात्र फॉर्मवर बरोबर आहे ना, हे पुन्हा वाचून घे. तपासणीत काही निघालं तर रक्तकेंद्राकडे माणसाला गाठायचा तेवढाच धागा असतो.

आता तुझ्या फिरण्याचं. शनिवारी दुपारपर्यंत पोच. ट्रॅव्हल्सनं आलास तर ती गावात येत नाही, महामार्गावरच सोडते. वाढे फाट्याला उतर आणि रिक्षा कर, भाडं आधी ठरव. रेल्वेनं नको, स्टेशन माहुलीच्या अंगाला, गावापासून लांब. पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटर (जमिनीखालचा रस्ता) झाल्यापासून नवखा माणूस खाली शिरला की नाका डोक्यावरून निघून जातो, म्हणून वरूनच घ्यायला सांग. नाक्यापासून राजवाड्याकडे दोन रस्ते जातात, राजपथ म्हणजे वरचा आणि कर्मवीर पथ म्हणजे खालचा. पत्ता विचारलास की सातारकर पहिल्यांदा 'वरनं का खालनं?' हेच विचारणार.

अजिंक्यतारा शनिवारी संध्याकाळीच उरक. रविवारी तूही रक्त देणार असशील तर त्या दिवशी चढ नाही. रविवारी संध्याकाळी संगम माहुलीला जाऊ, कृष्णा-वेण्णेचा संगम, दगडी घाट, निवांत बसायला. रात्री राजवाड्याच्या चौपाटीवर खाणं. कासचं नाव काढू नकोस, फुलं सप्टेंबरात, आत्ता तिथे वाळलेलं गवत. त्या रस्त्याला मेमध्ये जायचं ते करवंदांसाठी.

सोमवारी परतीच्या वाटेवर लिंब गावची बारा मोटेची विहीर बघ, साताऱ्यापासून सुमारे १६ किलोमीटर. १७१९ ते १७२४ या काळात छत्रपती शाहूंच्या घरच्या वीरूबाईंनी बांधून घेतली. अष्टकोनी विहीर, तिला जोडून चौकोनी विहीर, आणि मध्ये चक्क महाल. एका वेळी बारा मोटा चालत म्हणून हे नाव. लोक कठड्यावरून फोटो काढून परत जातात. तू पायऱ्या उतरून आत जा आणि महालातल्या खांबांवरचं कोरीवकाम जवळून बघ. बाहेर मेचं ऊन असलं तरी आत गारवा असतो. वेळ उरला तर वाईला वळून मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आहेच, पण घाटावरची ती घंटा बघ: १७३९ ला वसई जिंकल्यावर आणलेली, अंगावर १७०७ साल आणि मेरी-बाळ येशूचं चित्र, आणि टांगलेली कृष्णाकाठच्या देवळाशी. महाबळेश्वर नको. मेच्या सुट्टीत पसरणी घाटात गाड्यांच्या मागे गाड्या उभ्या असतात, तुझा सोमवार तिथेच संपेल.

कंदी पेढे निघायच्या दिवशी घे. खवा खरपूस भाजलेला असतो म्हणून प्रवासात टिकतात, पण बंद डब्यात गरम असताना भरले तर वाफ धरतात. दुकानदाराला गार पेढे दे म्हण.

येताना सैल बाहीचा शर्ट आण, आणि शनिवारी रात्री जागरण करू नकोस, आठला हॉलवर यायचंय. खंबाटकी ओलांडलीस की फोन कर. लिंबं तूच पिळणार आहेस, हे घरी सांगून ठेव.

आईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बंड्या